ज्येष्ठ वद्य तृतीयेचं स्वस्त तिकीट

मॉरिशसचं तिकीट उतरलं की इरावती किंचाळायची, आणि ती किंचाळली की बनारसच्या ब्रह्मा घाटाच्या गल्लीतलं एखादं माकड दचकून कुणाच्या तरी पापडांवरून उडी मारायचं. अख्खा एप्रिल असा चालला होता.

"आजोबा! मंगळवारचं उतरलं! चौघांचं बसतंय बाबांच्या बोनसमध्ये!"

आजोबा, म्हणजे वेणीमाधवशास्त्री, खिडकीपाशी त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसलेले असायचे. जन्मभर पाठशाळेत संस्कृत शिकवलेला माणूस, त्यामुळे घाई नावाचा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. ते शांतपणे चष्मा पुसायचे, कोनाड्यातलं पंचांग काढायचे आणि ओळीवरून बोट फिरवायचे. तोवर इराचा श्वास अडकलेला.

"मंगळवारी भद्रा आहे."

"बरं, बुधवार? जरासंच महाग आहे."

"व्यतीपात."

"शुक्रवार तरी?"

"शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ. त्या दिवशी पश्चिमेला निघू नये. तुमचं विमान मुंबईवरून जाणार ना? मुंबई कुठे आहे?"

"आणि शनिवार?"

"वा! शनिवार उत्तम," आजोबा प्रसन्न व्हायचे. शनिवारचं तिकीट मात्र असं होतं, की बाबांचा बोनस, आईची भिशी आणि इराची सायकल एकत्र केली तरी तिघंच मॉरिशसला पोचले असते आणि चौथ्याला मुंबईला उतरून टाटा करावा लागला असता.

विमान कंपनीचं आणि आजोबांच्या पंचांगाचं काहीतरी जुनं भांडण आहे, अशी इराची पक्की खात्री झाली होती. स्वस्त तो दिवस वाईट, चांगला तो दिवस महाग. दोघं फोनवर बोलून ठरवतात की काय!

या सगळ्याच्या मुळाशी होती अंबिका आत्या. ती मॉरिशसमध्ये गणित शिकवायची आणि दर उन्हाळ्यात आपल्या अप्पांना, म्हणजे इराच्या आजोबांना, बोलवायची. दर उन्हाळ्यात अप्पांना दिवस सापडायचा नाही. पासपोर्ट काढून झाला होता, त्यावरचा अप्पांचा फोटो आता तरुण दिसायला लागला होता, पण दिवस काही सापडत नव्हता. या वर्षी आत्याने व्हिडिओ कॉलवर सरळ सांगून टाकलं, "इरे, बाकीचे या किंवा नका येऊ. अप्पांना आणलंस तर तू खरी. मी नवीन घर घेतलंय. त्यांनी एकदा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं मला बघायचंय. मग काय, कायम फोनवरच?" शेवटच्या वाक्याला तिने फोन छताकडे वळवला. छत बघून इराला कळलं की आत्या रडतेय.

मग बाबा म्हणाले, "अप्पांसकट चौघांची तिकिटं माझ्या बोनसमध्ये बसवून दाखव. नाहीतर नेहमीसारखं नागपूर, मामाकडे."

मे महिन्यात बनारसहून नागपूरला जायचं म्हणजे तव्यावरून उतरून कढईत बसायचं. आणि इरा काही आता पूर्वीची इरा नव्हती. गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीला 'यस मॅम' म्हणायची ते फक्त पुढच्या बाकावरच्या वेणीला ऐकू जायचं. या जानेवारीत मात्र शाळेच्या वादविवाद स्पर्धेत ती हिंदीतून अशी काही बरसली, की पहिला नंबर आला आणि परीक्षकांनी घाम पुसला. तेव्हापासून तिला वाटायचं, जगात असं काहीही नाही जे आपण बोलून मिळवू शकत नाही. विमानभाडंसुद्धा.

आईला तर ते खरंच वाटायचं. मृणालिनीबाई एकदा कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावून बसल्या. "भैया, चार टिकट ले रहे हैं, कुछ तो कम कीजिए। देखिए, बुजुर्ग भी हैं साथ में।" पलीकडचा मुलगा म्हणाला, मॅडम, भाव सिस्टीम ठरवते. आई म्हणाली, "तो सिस्टम से बात कराइए।" त्याने बिचाऱ्याने पाऊण मिनिट संगीत ऐकवलं. आईला वाटलं, सिस्टीमला बोलवायला गेलाय.

इराने मात्र अभ्यास केला होता. कुठल्या वाराला भाव उतरतो, बनारसच्या बाबतपूर विमानतळावरून निघालं तर किती आणि लखनौहून किती, बॅगेचं वजन सोडून दिलं तर काय वाचतं, सगळं पाठ. फक्त एक किल्ला पडत नव्हता. तो वेताच्या खुर्चीत बसून ताक पीत होता.

शेवटी एका दुपारी ती आजोबांच्या समोर मांडी घालून बसली. बाहेर लूच्या गरम झळा वाहत होत्या, घाटावर चिटपाखरू नव्हतं.

"आजोबा, आता मी वार सांगत नाही. तुम्हीच दिवस द्या. तुम्ही द्याल तो."

आजोबांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. पंचांग उघडलं. बराच वेळ पानं पुढे पुढे गेली, थोडी जास्तच पुढे गेली, आणि एका जागी बोट थांबलं.

"ज्येष्ठ वद्य तृतीया. निर्दोष दिवस आहे."

"नक्की? मग बदलायचं नाही हं!"

"ब्राह्मणाचा शब्द आहे," आजोबा म्हणाले आणि फार पटकन ताकाचा पेला उचलून तोंडासमोर धरला. तेव्हाच इराने ओळखायला हवं होतं. पण ती फोनकडे पळाली होती.

फोनवरचं तिचं पंचांग हिंदी होतं. 'ज्येष्ठ कृष्ण तृतीया' टाकलं, तारीख आली, ती विमानाच्या पानावर घातली, आणि इराचे डोळे विस्फारले. भाव असा पडला होता, की तिने आधी डोळे चोळले, मग स्क्रीन चोळली. सगळ्यांत स्वस्त! सबंध उन्हाळ्यातलं!

बाबा बँकेत होते. तिने फोन लावला.

"बाबा, लौकर! आजोबांनी दिवस दिला!"

"काय? अप्पांनी? कुठला?"

"ज्येष्ठ वद्य तृतीया. बजेटमध्ये बसतंय, उलट उरतंय! ओटीपी सांगा!"

"इरा, माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं आहे... एक मिनट, भाईसाहब... पैसे परत मिळणारं आहे ना तिकीट?"

"परत मिळणारं कशाला हवं? आजोबांनी शब्द दिलाय!"

बाबांनी ओटीपी सांगितला. तिथी सगळ्यांनी ऐकली. तारीख कुणी म्हणजे कुणीच विचारली नाही.

संध्याकाळी इराने घर डोक्यावर घेतलं. मावळत्या उन्हात सगळे खिडकीपाशी बसले होते, आईने आंब्याचं पन्हं केलं होतं, आणि इरा भाषणाच्या थाटात उभी राहून तिकीट वाचत होती.

"प्रवासी चार. बाबतपूर ते मुंबई, मुंबई ते मॉरिशस. दिनांक पंधरा मे, गुरुवार..."

"पंधरा मे?" आजोबांचा पेला वाटेतच थांबला. "पंधरा मेला ज्येष्ठ कुठून आला? अजून वैशाख संपायचाय. ज्येष्ठ वद्य तृतीया जूनच्या मध्यावर आहे."

"असं कसं? हे बघा ना, इथे स्पष्ट लिहिलंय, ज्येष्ठ कृष्ण..."

आईने कपाळावर हात मारला. "अगं बाई! हा चौबे चाचींचा ज्येष्ठ!"

आणि इराने जीभ चावली. कारण ही गोष्ट तिला लहानपणापासून माहीत होती. बनारसमध्ये त्यांच्या घरचा महिना अमावास्येला संपायचा आणि सगळ्या गल्लीचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं एकमत. वद्य पक्ष लागला, की गल्ली पुढच्या महिन्यात गेलेली आणि हे अजून मागच्यातच बसलेले. शेजारच्या चौबे चाचींचा श्रावण पंधरा दिवस आधी लागायचा, आणि इराने या भानगडीचा आजवर फायदाच घेतला होता: आधी चाचींकडची साबुदाण्याची खिचडी, मग तिकडचा श्रावण संपला की घरची. एवढी खिचडी खाऊनही अक्कल आली नाही ती नाहीच! आजोबांचा ज्येष्ठ वद्य म्हणजे गल्लीचा आषाढ. आणि गल्लीचा ज्येष्ठ वद्य म्हणजे आजोबांचा वैशाख. तिने अख्खा एक महिना आधीचं विमान काढून ठेवलं होतं, आणि तेही पैसे परत न मिळणारं.

"म्हणजे अकरावीतली मुलगी, वादविवादात पहिली," बाबा हळूच म्हणाले, "आणि स्वतःच्या घरचा महिना माहीत नाही."

"तुम्हाला ओटीपी सांगताना माहीत होता का?" आई म्हणाली. बाबा पन्हं प्यायला लागले. मग त्यांनी जरा विचार केला. "तसं मला काय, मेमध्ये रजा मिळून जाईल. जूनमध्ये सगळ्यांनाच हवी असते."

"माझीही शाळा तोवर बंद होते!" इरा उसळून म्हणाली.

सगळ्यांच्या माना खुर्चीकडे वळल्या.

आजोबांनी पंचांग उघडलंच होतं. "गुरुवार," ते म्हणाले. "गुरुवारी दक्षिणेला दिशाशूळ."

"पण विमान आधी मुंबईला जातं, आणि मुंबई पश्चिमेला आहे! तुम्हीच म्हणालात!"

"शेवटी कुठे पोचायचंय? मॉरिशस दक्षिणेला."

"नैर्ऋत्येला!"

"तिकीट काढताना ज्येष्ठ चाचींचा, आणि भांडताना नकाशा आपला?" आजोबा म्हणाले. "तुम्ही तिघं जा. माझं तिकीट वाया गेलं समजा. मी जूनचा दिवस दिला होता."

इरा तोंड उघडून काहीतरी जोरदार बोलणार, तेवढ्यात तिच्या डोक्यात लख्खकन काहीतरी पेटलं. ती आजोबांच्या पुढ्यात जाऊन बसली आणि आवाज एकदम खाली आणला. परीक्षकांना घाम फुटला होता तो याच आवाजाला.

"आजोबा, जूनच्या मध्यावर निघून आपण परत कधी आलो असतो? तेव्हा तर माझी शाळा उघडते."

खाली नावाडी कुणाला तरी हाका मारत होता.

"तुम्हाला माहीत होतं," इरा म्हणाली. "तुम्ही मुद्दाम असा दिवस दिलात, की जाताच येणार नाही."

आजोबांनी पंचांग मिटलं. ते मिटतात तेव्हा एक मऊसा आवाज होतो. तो आज फार मोठा वाटला. ते नदीकडे बघत राहिले. बाबा काही बोलणार होते, आईने डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

"इरा," आजोबा म्हणाले, "त्या विमानात खिडकी असते ना?"

"हो, असते की."

"ती उघडते का गं मध्येच?"

इराला हसू येणार होतं, पण आलं नाही. गंगा पुराने पायऱ्या गिळत वर आली तरी न हलणारा हा माणूस, ज्याच्यापुढे मोठमोठे पंडित चाचरत बोलायचे! आणि इतकी वर्षं भद्रा, व्यतीपात आणि दिशाशूळ यांच्या मागे लपून बसला होता. हजेरीला हळू आवाजात 'यस मॅम' म्हणणाऱ्या मुलीला हे कळायला कितीसा वेळ लागणार?

"नाही उघडत, आजोबा. दोन-तीन काचा असतात. मला सुद्धा भीती वाटतेय, मी कुठे कधी बसलेय विमानात? आपण शेजारी शेजारी बसू. वाटलं तर तुम्ही माझा हात धरा. म्हणजे, मी तुमचा धरेन, लोकांना तसं दिसेल."

आजोबांनी घसा साफ केला. मग एकदम पाठशाळेतल्या आवाजात म्हणाले, "गुरुवारी दक्षिणेला निघता येत नाही, हे खरंच आहे. तुझ्यासाठी शास्त्र बदलणार नाही."

इराचा चेहरा पडला.

"पण गुरुवारच्या आधीच निघालेलं असलं, तर?"

"म्हणजे?"

"प्रस्थान ठेवायचं. निघायचा दिवस वाईट असेल, तर आधीच्या चांगल्या मुहूर्तावर आपलं थोडं सामान त्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवतात. सामान निघालं म्हणजे माणूस निघाला. मग ते घरी परत आणायचं नाही, जाताना वाटेत उचलायचं आणि पुढे चालू लागायचं. दक्षिणेला कोण आहे आपलं?"

"रामनगरचे गोपीनाथ काका!" बाबा ओरडले. गोपीनाथ हे आजोबांचे जुने विद्यार्थी, पुलापलीकडे राहायचे.

"अप्पा," आई म्हणाली, "ही सोय इतकी वर्षं होती?"

"सोय होतीच," आजोबा म्हणाले. "कुणी विचारलं नव्हतं." आणि पन्हं मागितलं.

पण इरा एवढ्याने निश्चिंत होणारी नव्हती. प्रस्थान ठेवल्यावरही मधे दोन दिवस होते, आणि दोन दिवसांत त्या पंचांगातून काय काय निघेल याचा नेम नव्हता. तिने बेत आखला: प्रस्थानाच्या पिशवीत गुपचूप पंचांगच सरकवायचं! एकदा रामनगरला गेलं, की परत आणता येणार नाही, शास्त्रच आहे. या कल्पनेवर ती इतकी खूश झाली, की आरशासमोर उभं राहून तिने स्वतःशीच हात मिळवला.

ठरलेल्या सकाळी आजोबांनी स्वतः पिशवी भरली. धोतर, जानवेजोड, सुपारी, मूठभर तांदूळ, संध्येचं तांब्याचं पंचपात्र. पिशवीचं तोंड सुतळीने बांधून ते देवघरात गेले, आणि इरा मांजरीच्या पावलांनी कोनाड्याकडे गेली.

कोनाडा रिकामा.

तिने गादीखाली पाहिलं, खुर्चीखाली पाहिलं, ताकाच्या भांड्यामागेही पाहिलं. पंचांग नाही. म्हणजे आजोबांनी तिचा डाव ओळखून ते लपवलं होतं! आता रात्री हळूच काढणार, काहीतरी शोधणार आणि ऐनवेळी म्हणणार, मी काही येत नाही. इराने पिशवी उचलली, बाबांच्या स्कूटरवर मागे बसली आणि रामनगरपर्यंत आजोबांचे पुढचे बहाणे मोजत राहिली. गोपीनाथ काकांनी पिशवी हातात न घेता ओंजळीत घेतली, देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी निघाले म्हणायचे तर!"

पुढचे दोन दिवस ती आजोबांवर नजर ठेवून होती. आजोबा अस्वस्थ होते. वर विमान गेलं, की त्यांचा हात कोनाड्याकडे जायचा, तिथे क्षणभर चाचपडायचा आणि परत यायचा. एकदा तर त्यांनी आईला विचारलं, "आज तिथी कुठली?" आई बघतच राहिली. असा प्रश्न या घरात विचारला गेला, असं कधी झालं नव्हतं.

गुरुवार उजाडला. आत्यासाठीचे बेसनाचे लाडू, मेतकूट आणि भाजणी चौघांच्या छोट्या बॅगांत अशी कोंबली होती, की इराच्या स्वस्त तिकिटाची किंमत सगळ्यांच्या खांद्यांनी मोजली. विमानतळ शहराच्या वायव्येला, रामनगर दक्षिणेला. ते आधी उलट्या दिशेने पुलापलीकडे गेले, पिशवी उचलली आणि अख्खं बनारस, टोटो म्हणतात त्या ई-रिक्षांची गर्दी, बैल आणि दोन वराती पार करत परत उलटे आले. ड्रायव्हर म्हणाला, "बाबूजी, एयरपोर्ट का रास्ता ये नहीं है।" आजोबा म्हणाले, "हमारा यही है।"

सुरक्षा तपासणीत पिशवी अडली. यंत्राला पंचपात्र आवडलं नव्हतं. वर्दीतल्या बाईने सुतळी सोडली, पंचपात्र काढलं, धोतर काढलं, आणि धोतराच्या घडीतून एक पिवळट, जाडसर पुस्तक बाहेर आलं.

इराने तोंडावर हात ठेवला.

"ये क्या है, बाबाजी?"

"टाइम-टेबल," आजोबा म्हणाले.

बाईने दोन पानं उलटली, मान डोलावली आणि ते परत दिलं.

"आजोबा! तुम्हीच ठेवलंत?"

"घरी राहिलं असतं, तर मंगळवारीच काहीतरी सापडलं असतं," आजोबा सुतळी बांधत म्हणाले. "मी मला ओळखतो."

विमान उडालं तेव्हा कुणी कुणाचा हात धरला होता, ते नक्की सांगता येणार नाही. दोघांचीही नखं एकमेकांना लागली होती. खाली गंगा आधी चंद्रकोर झाली, मग चांदीची तार, मग नाहीशी. खिडकी बंद आहे याची आजोबांनी बोटाने ठोकून दोनदा खात्री करून घेतली. मग ते हळूहळू खुर्चीत रेलले, ढगांकडे बघत राहिले, आणि मुंबई जवळ येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर पाठशाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलासारखं काहीतरी उमटलं. मग त्यांनी पिशवी मागितली, पंचांग काढलं, चष्मा पुसला. ओळीवरून बोट फिरलं.

"इरा, आपलं परतीचं तिकीट कधीचं आहे?"

इराने तारीख सांगितली. या वेळी तारीखच सांगितली.

"हं," आजोबा म्हणाले. "दिवस काही बरा नाही गं. आठवडाभर पुढे ढकललं तर?"

"आजोबा, ते परत न मिळणारं आहे!"

"असं?" आजोबांनी पंचांग मिटलं आणि खिडकीकडे तोंड वळवलं, पण काचेत त्यांचं हसू इराला स्पष्ट दिसलं. "मग अंबिकेला विचार, तिच्या उत्तरेला कुणाचं घर आहे."